येळवशीची तूर

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी निम्मं सोलापूर शहराबाहेर असतं. ज्याला शेत आहे तो घरदार घेऊन शेतात जातो, आणि ज्याला नाही त्याला कोणीतरी आग्रह करून आपल्या शेतात नेतं. कडब्याच्या खोपीत पूजा होते, रानाच्या कडेनं आंबील शिंपडतात आणि मग सगळे मातीत बसून भज्जी खातात. भज्जी म्हणजे चिंचेच्या पाण्यात बेसन लावून शिजवलेली रानातली झाडून सगळी ओली भाजी. तुरीचे दाणे, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, वांगं, असलीच तर चार बोरं. करायला अगदी सोपी. आमच्या घरात तिला एकच अट होती, तिच्यात विकतचं काही घालायचं नाही.

आणि आम्हाला रानच उरलं नव्हतं. अक्कलकोटच्या वाटेवरचं आमचं शेत मी विकून टाकलं. डोक्यावर कर्ज नव्हतं, कसली अडचण नव्हती. मी बँकेतून निवृत्त झालो, मुलगी पुण्याला, मग शेत बघणार कोण, असं मी चारचौघांत सांगायचो. खरं सांगायचं तर मला शहरात बंगला बांधायचा होता. आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुला जमत नसंल तर इक की." मी तो होकार धरला.

शेत घेणारा माणूस चांगला निघाला. पहिल्याच येळवशीला घरी येऊन सगळ्यांना जेवायचं आवतण देऊन गेला. मी लगेच तयार झालो. अव्वा म्हणाली, "आपल्याच बांधावर पावनी म्हणून बसू व्हय? तुमी जावा." मग आम्हीही गेलो नाही. त्या दिवशी अव्वानं दहीभात खाल्ला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. पुढच्या वर्षी पुन्हा आवतण आलं आणि पुन्हा दहीभात झाला. अव्वा तशीच आहे. शेजारणीकडून विरजण आणलं तर दुसऱ्या दिवशी ती वाटी भरून ताक देऊन यायची. कोणापुढं हात पसरणं तिला माहीतच नव्हतं.

मला ते दहीभाताचं ताट बघवेना. मी ठरवलं, आपली येळवस आपल्याच घरी करायची. बंगल्यामागं बरीच मोकळी जागा होती, सगळा मुरूम. मी त्यावर काळी माती आणून टाकली, शेणखत घातलं आणि चुन्यानं रेघा मारून वाफे आखले. हा मेथीचा, हा पालकाचा, इथं वांगी, तिथं वाटाणा, कडेनं पावट्याचा वेल, आणि मागच्या भिंतीलगत तुरीची रांग. गणपती बसायच्या सुमारास मी तूर टोचत होतो. अव्वा मागच्या पायरीवर बसून बघत होती.

"उशीर झाला की रं तुरीला," ती म्हणाली.

"आता लवकर येणाऱ्या जाती निघाल्यात, अव्वा. मोबाईलवर बघितलंय मी."

मिरगात पेरलेली तूर येळवशीला दाण्यावर येते, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही लहानपणी त्या शेंगा चोरून भाजून खाल्ल्या आहेत. पण नोकरीत खुर्चीवर बसून माझी अक्कलही तिथंच बसली होती आणि वर कोणी चूक दाखवली की मला राग यायचा.

बाकीची बाग मात्र छान आली. पहिली मेथी काढली त्या दिवशी बायकोनं नुसती लसूण-मिरचीची फोडणी देऊन परतली, बरोबर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तशी मेथी मी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. मग रोज सकाळी स्वयंपाकाआधी अव्वा बागेत जायची आणि ओटीत काहीतरी घेऊन यायची. कधी पालक, कधी दोन वांगी. त्या दिवशी काय शिजवायचं ते तिची ओटी ठरवायची. तिचा आवाजही बदलला, भाजी निवडताना कानडीत काहीतरी गुणगुणायची. एके दिवशी स्वतःच म्हणाली, "औंदा खोप हितंच घालू."

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. मी बँकेतल्या जुन्या सोबत्यांना आवतण दिलं, गल्लीतल्यांना दिलं, "आमच्या रानात या" असंच म्हणायचो. बायको म्हणाली, "रान म्हणे. आधी शेंगा तरी धरू द्यात." मी तिकडं लक्ष दिलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आमचं शेत घेणाऱ्यालाही मी फोन केला. या वर्षी तुम्ही आमच्याकडं, म्हटलं. आम्हीही काही बिनरानाचे नाही, हे मला त्याला दाखवायचं होतं.

येळवस तोंडावर आली तेव्हा वाटाणा भरला होता, मेथी दाट होती, पावटाही धरला होता. तुरीवर नुसती पिवळी फुलं होती. शेंग म्हणून एक नव्हती. आदल्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन निघालो.

"कुटं?" अव्वानं विचारलं.

"मंडईत. तुरीच्या शेंगा आणतो. सोलल्यावर कोणाला कळतंय?"

"इकत आणू नको. मी बघते."

माझा जीव भांड्यात पडला. ती काय बघणार, कुठून आणणार, हे मी विचारलंसुद्धा नाही. लाज वाटायची ती खरं तर तेव्हाच वाटायला हवी होती. मी पिशवी खुंटीला लावली आणि खोपीसाठी कडबा बघायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पायरीवर तुरीच्या शेंगांची पाटी होती. शेंगा टपोऱ्या होत्या आणि अजून दवानं ओल्या होत्या. अव्वा आणि बायको सोलत बसल्या होत्या. मला वाटलं, आणल्या असतील कोणा नातलगाकडून.

पाहुणे जमले. पूजा झाली. आंबील शिंपडायला मी तांब्या घेऊन निघालो. शेतावर ही फेरी घालून येईपर्यंत वडिलांना घाम फुटायचा. इथं तोंडातला मंत्र संपायच्या आतच मी पुन्हा खोपीपाशी येऊन उभा होतो. कोणीतरी हसलं, मीही हसलो. अव्वा हसली नाही.

पंगत बसली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. पहिल्या घासालाच सगळे वाहवा करायला लागले आणि मला पुन्हा चेव चढला. "सगळं घरचं बरं का," मी म्हणालो, "एक दाणा बाहेरचा नाही."

माझा एक बँकेतला सोबती गावाकडचा होता. त्यानं भिंतीकडं बघितलं, मग ताटातल्या दाण्यांकडं. "आणि तूर? ती तर आत्ता फुलात दिसतीय."

माझा घास तोंडातच राहिला. सगळे भिंतीकडं बघायला लागले. मी काहीतरी जुळवायला तोंड उघडणार, तेवढ्यात वाढता वाढता अव्वा म्हणाली, "आमच्याच रानातली हाय. अक्कलकोट वाटंच्या."

शेत घेणारा समोरच बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "व्हय. अव्वांच्याच रानातली. पहाटंच तोडून आणली."

विचारणाऱ्याचं समाधान झालं. पंगत पुन्हा जेवायला लागली, वाढा वाढा सुरू झालं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बांधावर पाहुणी म्हणून बसायला नको म्हणून जी बाई सणाला दहीभात खायची, तिनं त्याच बांधावरच्या शेंगा मागितल्या होत्या. उभ्या जन्मात पहिल्यांदा मागितल्या होत्या, आणि त्या माझ्या फुशारकीपायी. मला ताटावरून उठायचं होतं. अव्वा माझ्यापुढं आली, पळी भरून भज्जी वाढली आणि म्हणाली, "खा. टाकू नको." मी खाली मान घालून ती सगळी खाल्ली. चव कळली नाही.

पाहुणे गेल्यावर मी तुरीची रांग उपटायला निघालो. रागच आला होता, आणि तो काढायला दुसरी जागा नव्हती. अव्वानं अडवलं. "ऱ्हाऊ दे उभी. तिचा काय गुन्हा? यील की माघात."

माघात आली. शेंगा बारीक होत्या, पण भरल्या. अव्वानं एकेक झाड हातानं चाचपून शेंगा काढल्या. घरात ठेवायला एक शेंग उरली नाही, सगळ्या मिळून पिशवी जेमतेम निम्मी भरली.

"त्याला निऊन दे," ती म्हणाली. "उसनं हाय."

"तूपण चल की, अव्वा. गाडीतनं जाऊ."

"मी मागायला गेले हुते. फेडायला तू जा."

मी गेलो. बऱ्याच दिवसांनी त्या वाटेला लागलो होतो. आमच्या शेतात ज्वारी उभी होती, माझ्या वेळेपेक्षा चांगली. तो विहिरीजवळ काम करत होता. मला बघून त्यानं हात केला आणि ओरडून म्हणाला, "या की, साहेब. पाव्हन्यागत भाईर का हुबं ऱ्हायलाय?"

मी बांधाच्या अलीकडं उभा होतो. मला पाय उचलता येईना. शेवटी तोच आला, माझ्या हातातली पिशवी घेतली, आत डोकावून बघितलं आणि गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं.