बळवंतरावांचं पुढचं चाक

गोरेगावचे बळवंत पेडणेकर रोज सायकलने साकीनाक्याच्या कारखान्यात जातात. इमारतीखालून सायकली चोरीला जातात, म्हणून संध्याकाळी पुढचं चाक काढून चौथ्या मजल्यावर घरी नेतात. लिफ्ट नाही. चाकाला पानाही लागत नाही. आसाच्या टोकाला एक खटका आहे, तो उघडला की चाक सुटतं. बसवणं मात्र जाग्या माणसाचं काम, आणि सकाळी बळवंतराव उभ्यानेच झोपलेले असतात.

परवा सकाळी खाली येऊन त्यांनी खटका नळासारखा गोल फिरवून आवळला आणि म्हणाले, "झालं! निघतो."

डबा द्यायला आलेल्या बायकोने, नमितावहिनींनी, हँडल उचलून चाकावर एक चापट मारली. चाक निघालं आणि घरंगळत वॉचमनच्या खुर्चीला जाऊन टेकलं.

"अहो, पुलाच्या उतारावर हे पुढे गेलं असतं आणि तुम्ही मागे तोंडावर! खटका फिरवायचा नाही, दाबून मिटायचा. तळव्यावर वळ उठला पाहिजे. दुकानदार सांगत होता, तेव्हा तुम्ही जांभया देत होतात."

"अगो, जांभई काय माझ्या हातात असता?"

बळवंतरावांनी चाक आणून बसवलं, पलीकडचा नट थोडा आवळला आणि तळव्याने रेटून खटका मिटला. वळ उठला. वहिनींनी पुन्हा चापट मारली. चाक जागचं हललं नाही.

"जा आता."

"जातंय," बळवंतराव तळवा चोळत म्हणाले, "पण आता पुरो जागो झालंय, तर कामार जाऊचा जीवार येता."