नववी काडी

सकाळचे दहा वाजलेत आणि मी झोपायला चाललेय. रात्रपाळी करणाऱ्या बाईची रात्र अशीच, उन्हात येते. पडदा ओढलाय तरी कडेनं उजेडाची एक तिरीप भिंतीवर पडलीच आहे. खाली स्वयंपाकघरात साडेआठलाच कुकर लावलाय. शिट्टीचा नव्हे. हा कुकर शिट्टी मारत नाही, काहीच बोलत नाही, विजेवर आठ-आठ तास नुसता धुमसत राहतो. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. ब्रीडानं दिलाय. आयर्लंडातल्या ह्या गावात मी ज्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढते, तिथली ती स्वयंपाकीण.

भांड्यात सव्वा किलोचा बैलाच्या मांसाचा एकसंध गोळा आहे, आणि त्याच्याभोवती डुकराच्या बेकनच्या पट्ट्या गुंडाळल्यात. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. पुढं मला मध्ये थांबवू नका.

ब्रीडानं सांगितलं तसंच केलंय. गोळ्याला मीठ, मिरी, लसूण चोळला. तव्यावर चारी बाजूंनी लाल केला. भांड्याच्या तळाला कांद्याच्या जाड चकत्या. "हे मांस कोरडं असतं गं," ती म्हणाली होती, "ह्याला स्वतःची चरबी नाही. बेकन गुंडाळलंस की त्याची चरबी थेंब थेंब आत जाते." पट्ट्या सुटू नयेत म्हणून दात कोरायच्या लाकडी काड्यांनी टाचल्या. नऊ काड्या. मोजून टोचायच्या आणि मोजून काढायच्या, हा ब्रीडाचा कायदा, कारण एका नाताळात एक काडी तिच्या नवऱ्याच्या घशात गेली होती. दुसरा कायदा, झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की वाफ गेली, अर्धा तास वाढला.

आज माय जाऊन तीन वर्षं झाली. म्हणून हा खटाटोप. मरायच्या आधी तिला मी काय खाऊ घातलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नांदेडला राहिलेल्या नवऱ्याला नाही, लेकाला नाही. आज सांगणार आहे. पण आधी डोळा तर लागू दे.

कुशीवर वळते. जिन्यातून वास वर येतोय, कांद्याचा, चरबीचा. भिंतीवरची उजेडाची तिरीप रुंद होते, आणि मी जिना उतरतेय. ह्या घराला चौदा पायऱ्या आहेत. मी उतरतेच आहे, उतरतेच आहे, आणि पायाखाली लाकूड नाही, शेणानं सारवलेलं लागतं.

माय ओट्यावर बसलीय. ओट्यावर, उकिडवी, जशी चुलीपुढं बसायची तशी. लुगडं हिरवं. कुकरच्या खाली वाकून बघतेय.

"जाळ कुठाय ह्याचा?"

"विजेवर आहे माय."

"फुकणी लागत न्हाई?"

"नाही."

"मग तवर बाई करती काय?"

"झोपते."

"बरंय बाई," ती म्हणते. "आमच्या टायमाला असतं तर आमीबी निजलो असतो." मग माझ्याकडं वळून नीट बघते. "बस, विमल."

तिन्ही अक्षरं धुऊनपुसून. विमल. हे मला टोचतं, आणि का ते मला झोपेतही माहीत आहे. आयुष्यभर ती मला इमल म्हणायची. तिच्या जिभेला 'वि' जमायचा नाही. नांदेडला आमच्या फ्लॅटवर राहायला आली, आणि शेजारच्या बायकांसमोर तिनं जिन्यातून "इमल गं" म्हणून हाक मारली, तेव्हा मी तिला आत ओढून दार लावलं होतं. म्हणाले होते, "इमल काय इमल? विमल म्हण. लोक काय म्हणतील?" सत्तरी उलटलेली बाई दुपारभर खाटेवर बसून पुटपुटत होती. विमल. विमल. शाळेतल्या पोरीसारखी. तिला पाठ झालं.

"काय गुंडाळलंस हे?" माय विचारते.

"डुक्कर."

"आन आत?"

"मोठ्याचं."

मोठ्याचं म्हणजे मोठ्या जनावराचं. आमच्यात हेच नाव. हा शब्द बोलताना माझा आवाज आपोआप खाली जातो, गेली तीस वर्षं जातोय.

"कामून हळू बोलायलीस?" माय म्हणते. "हितं कोण ऐकायलंय?"

मी खिडकीकडं बघते. खिडकी बंद आहे. सगळ्या खिडक्या बंद आहेत. धूर ओढायचा पंखा घरघरतोय, दाराच्या फटीला मी ओलं फडकं लावलंय. नांदेडचा फ्लॅट, दुसरा मजला. ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी आहे आणि तिच्या अंगावर माझा गाऊन आहे. ती गरम पाण्यात भिजवलेले सोयाबीनचे गोळे पिळतेय. मुठीत धरून, दात-ओठ खाऊन पिळतेय.

ती मीच. सांगते.

मायचे शेवटचे दिवस होते. अंगात काही उरलं नव्हतं. भात नको, दूध नको. एक दिवस म्हणाली, "एकडाव मोठ्याचं खाऊ वाटायलंय. वाटीभर." म्हशीचं मिळत होतं, रिक्षानं वीस मिनिटांवर. त्याला कुणी बंदी केली नव्हती. कुणी माझ्या दारात काठी घेऊन बसलं नव्हतं. वरच्या मजल्यावरची बाई एकदा सुकट भाजल्यावर नाकाला पदर लावून जिना उतरली होती, बस्स. एवढ्यावर मी भ्याले. वीस वर्षं लोकांना 'आम्ही आठवड्यातून एकदा चिकन खातो फक्त' असं सांगून जे मिळवलं होतं, ते वाटीभर रश्श्यात बुडेल म्हणून भ्याले. काय मिळवलं होतं? हळदी-कुंकवाचं बोलावणं. ते पण दारातून निघता निघता दिल्यासारखं.

म्हणून सोयाबीन. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, वर तेलाचा चांगला तवंग. आणि खाटेपाशी जाऊन ह्याच तोंडानं म्हणाले, "घे माय. मोठ्याचं."

तिला खालचे दोनच दात होते. ती चावत राहिली. माझ्याकडं बघत चावत राहिली. वाटी संपवली. "झ्याक झालंय," म्हणाली. मग हात पुढं केला. "काडी दे गं. दातात अडकलं."

मी आगपेटीतली काडी दिली. ती दात कोरत बसली. मला किती बरं वाटलं! फसली, असं वाटलं. आईला फसवल्याचा आनंद झाला मला. मग भांडी घासताना कळलं, ते गोळे तर स्पंजासारखे. त्यात अडकण्यासारखं काही नसतंच. मग ही कोरतेय काय?

मी विचारलं नाही. बाराव्या दिवशी ती गेली.

पाठमोरी बाई पिळतेच आहे. तिच्या मुठीतून पाणी गळतंय, थांबत नाही, फरशीवरून वाहत अंगणात जातं. अंगणात तार बांधलीय, ह्या खांबापासून त्या बाभळीपर्यंत, आणि तारेवर मांसाच्या लांब पट्ट्या वाळताहेत. चान्या. मी आठ वर्षांची आहे, हातात काठी, कावळे हाकायला बसलेय. अंगणाच्या कडेला ब्रीडा उभी आहे, ॲप्रन लावून, ती तारेला हात लावून बघते आणि म्हणते, "अगं, हे तर आमच्याकडं लोक विकत घेतात." मायला ती भाषा कळत नाही, तरी ती हसते. चुलीतल्या निखाऱ्यावर एक चानी टाकते. चुर्र होतं. फुंकर मारून राख झाडते आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घालते. नेहमी पहिला मला. घरात कितीही तोंडं असोत.

तोंडात तुकडा आहे आणि मी बोलायचा प्रयत्न करतेय.

"माय, ते सोयाबीन होतं."

"ठाव हाय."

"तुला कळलं होतं?"

"अगं, मी जनावर उलटं करून सोलणाऱ्याची लेक. मला बोटानं दाबून कळतंय कुठल्या अंगाचं हाय. आन तू मला पेंड चारलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? येवढं सफाईनं खोटं बोलायला शिकलीस. तुला शाळंत म्याच घातलं व्हतं."

ती टोमणा मारून हसते. मला हसू येत नाही. आम्ही परत इथल्या ओट्याशी आहोत, पण खिडकीबाहेर ती बाभळ आहे, पावसात निथळणारी.

"काडी कामून मागितलीस?" माझ्या तोंडातून तिची बोली निघते. थांबवत नाही.

"मोठ्याचं खाल्लं की काडी लागतीच. न्हाई मागितली असती तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हणून. मग तू कुठं तोंड लपवलं असतंस? फ्लॅट येवढासा."

मी तिच्या पायांशी बसते. तळपायाच्या भेगा तशाच आहेत. "मला माफ कर माय."

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणते. रागानं नाही. घाईत असल्यासारखी. "माफ बिफ मला न्हाई कळत. खोटं बोललीस त्याचं कायबी न्हाई, लेकरं बोलतेत. पर मी भुकी गेले, विमल. तेवढं खरंय. तोंडाला चव लागली न्हाई ती न्हाईच."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शिजलं का हे?"

"अजून नाही. आठ तास लागतात."

"मला येवढा येळ न्हाई. उघड."

"उघडायचं नाही माय. उघडलं की—"

आणि मला माझाच आवाज ऐकू येतो. तोच. नांदेडचा. इथं नाही शिजवायचं. इथं नाही वाळवायचं. इमल नाही म्हणायचं. मोठ्यानं नाही बोलायचं. उघडायचं नाही.

माय बसलीय. हात मांडीवर. तशीच, जशी खाटेवर बसायची, माझ्या तोंडाकडं बघत, मी काय परवानगी देते ते बघत.

मी झाकण काढते. वाफेचा लोट तोंडावर येतो, खिडकी नाही, दार नाही, भिंत नाही, नुसता वास. तो वास जिन्यातून जाऊ दे, वरच्या मजल्यावर जाऊ दे, नांदेडला जाऊ दे. माय वाकून बघते.

"अगं बया. लेकराला गोधडीत गुंडाळावं तसं गुंडाळलंस की."

"चरबी आत जाते म्हणून."

"जाती का?"

"बघ खाऊन."

मी बोटांनीच तुकडा तोडते. कडेचा, बेकनसकट. बोटं पोळतात. फुंकर मारते. तिच्या तोंडात घालते. पहिला तुकडा. ती डोळे मिटते आणि चावते, हळू, हिरड्यांनी, आणि हनुवटीवर चरबीचा ओघळ येतो. मी तो पदरानं पुसत नाही. असू दे. दिसू दे.

"मीठ कमी हाय," ती म्हणते.

"हो."

"मसाला तर न्हाईच."

"इथले लोक नाही घालत."

"येडे हाईत." ती अजून एक तुकडा मागते. मी देते. मग अजून एक. बाहेर कुठंतरी घंटा वाजायला लागलीय, वृद्धाश्रमातली, कुणीतरी मला बोलावतंय, आणि माय घाईघाईनं हात पुढं करते.

"काडी दे गं."

मी बेकनमधली एक काडी उपसते आणि देते. ती तोंडावर हात धरून दात कोरते, डोळा बारीक करून, अगदी मन लावून. घंटा मोठी होतेय.

"निघालं," ती म्हणते. "निघालं बघ, इमल."

फोनचा गजर. साडेचार. पावसाळी दुपार, उशी ओली. मग चौदाच्या चौदा पायऱ्या मोजत खाली जाते.

कुकर तसाच आहे. झाकण जागेवर, आतून घामेजलेलं. ओट्यावर थेंब नाही, फरशी कोरडी. मी झाकण काढते, हातात चिमटा घेते आणि ब्रीडाच्या कायद्याप्रमाणे मोजून काड्या काढायला लागते. एक, दोन, तीन. आठव्या काडीशी थांबते. परत मोजते. कांद्याच्या चकत्या उलटून बघते, रस्सा चमच्यानं ढवळते, तळ खरवडते. आठच. ब्रीडाच्या नवऱ्याचा घसा आठवतो. तिला फोन करावा म्हणून वर जाते, फोन पलंगावर राहिलाय.

हा पलंग दोघांचा आहे, मी एकटीच एका कडेला झोपते. भिंतीकडची उशी मी वापरत नाही. नववी काडी त्या उशीवर आहे. टोक चावून चपटं केलेलं.

मी ती उजेडाशी धरते. दुसऱ्या टोकाला मांसाचा एक बारीक, तपकिरी धागा चिकटलाय.

सोयाबीनला धागा नसतो.