आत्याचं वावर आणि रोमच्या विधवा

आर्वीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा मार्क्स डोक्यात नवानवा भिनला होता. रोमन साम्राज्याची अखेर शिकवताना तर मला चेवच यायचा. श्रीमंत विधवा आपल्या जमिनी चर्चला देत गेल्या, बिशप जमीनदार झाले. कसणारा मात्र त्याच मातीला जखडलेला राहिला. सोसण्यात पुण्य आहे, एवढं त्याला नव्याने सांगितलं गेलं. मी फळ्यावर बाण काढून हे समजावत असे.

त्याच हिवाळ्यात रोहण्याहून निरोप आला : आत्या आपलं वावर गावातल्या मठाला लिहून देतेय.

आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वावर तिच्या नावावर झालं. ते कसायचा तिचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. माझ्या लहानपणापासून तोच होता. मी एसटीतून उतरलो तर हा फाट्यावर उभा.

"भाऊ, तुम्ही शिकलेले. बाईले समजावून सांगा ना जी. मठवाले आपला माणूस आणतीन. मंग मी कुठं जाऊ?"

आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मठाने आजूबाजूची वावरं कशी गोळा केली, ते मी तिला सांगितलं. बोलता बोलता पार रोमच्या विधवांपर्यंत गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्या बायकाईच्या घरी सांजच्याले कोणी येत होतं का रे?"

मी सुपातली एक शेंग उचलून सोलू लागलो.

"मी आरतीले गेली नाई, त मठातून माणूस येते पाहाले. तू दिवाळीले येतं."

"आणि सालदार?"

"महाराजाले सांगितलं म्या, त्याले ठेवजा म्हणून. हो म्हणले."

ठेवला नाही. पेरणीच्या आधीच मठाने दुसरा माणूस लावला. सालदार पुलगावला हमालीला निघाला. जाताना माझ्याकडे आला, चहा प्यायला, आणि मी बाईला नक्की सांगितलं होतं ना, एवढंच त्याने विचारलं. सांगितलं होतं, मी म्हणालो.

मग मी मठात गेलो. आत्या आता तिथेच राहत होती. ओसरीवर बसून वाती वळत होती.

"त्याला काढलं, माहीत आहे तुला?"

तिचे हात थांबले. "म्या म्हटलं त्याईले. दोनदा म्हटलं. देवाची मर्जी म्हणतेत." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आता वावर माहं नाई ना रे."

हे असंच होणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं. असं का होतं, तेही सांगता आलं असतं. तिला सांगून काय करायचं होतं?

आत घंटा वाजली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"जेवून जाजो," म्हणाली.

मी पंगतीत बसलो. वाढणारा आग्रहाने वाढत होता. वरणातली तूर मठाच्या नव्या वावरातली, असं कोणीतरी कौतुकाने म्हणालं. मी मान हलवली आणि जेवलो.