पाहुण्यांच्या बॉक्सचं दार

डोरीन कोस्की आमच्या कॉलेजच्या आइस हॉकीच्या सामन्यांत दार उघडायचं काम करते. नियम मोडणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसावं लागतं. पाहुण्या संघाचा बॉक्स डोरीनकडे. वेळ संपली की कडी काढायची, खेळाडूंशी बोलायचं नाही. मी शेजारच्या टेबलावर घड्याळ सांभाळते. घरंही आमची लागूनच.

त्या शनिवारी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सरोवरापलीकडचं कॉलेज आलं होतं, आणि त्यांच्याकडून तिच्या बहिणीचा, मार्लिसचा मुलगा टॅनर खेळत होता. बसमध्ये खायला त्याच्यासाठी भाजलेल्या पेस्ट्यांचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांचा, डबा बाकाखाली होता. पण ती सारखी मागे वळून बघत होती. काचेमागे प्रेक्षकांत आमच्या कॉलेजच्या पोरांचा कळप, आणि ढोल गळ्यात अडकवून पुढे तिचाच मुलगा ब्रेंट.

"जेवताना म्हणाला, टॅनरसाठी आज खास बेत आहे," ती मला म्हणाली. "आणि हसला गं."

"पोरं चिडवतातच. गेल्या वेळी आपल्या गोलकीपरच्या टकलावर गाणं केलं होतं त्यांनी."

"टक्कल निराळं."

दुसऱ्या सत्रात टॅनरने कुणाला तरी स्टिकने अडकवलं आणि तो बॉक्समध्ये येऊन आदळला. डोरीनने कडी लावली. मागे ढोल सुरू झाला.

"टॅनर, तुझा बाप कुठे? शेजारणीच्या घरी उठे!"

शंभरेक पोरं काचेवर थापा मारत होती. डोरीनचा चेहरा उतरला. ही गोष्ट मार्लिसने फोनवर रडत रडत फक्त तिला सांगितली होती. डोरीनने ती स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता नवऱ्याला सांगितली, आणि ब्रेंट तिथेच फ्रीज उघडून उभा होता.

टॅनरने हेल्मेट काढलं. "मावशी, यांना कोणी सांगितलं?"

बोलायचं नाही हा नियम. पंच समोरच होता.

"माझ्या तोंडून गेलं," डोरीन म्हणाली.

"आईने तुलाच सांगितलं होतं ना?"

"हो रे."

वेळ संपली, तशी मी घड्याळाकडे बघून तिला मानेने खूण केली. तिने कडी काढली. टॅनर बाहेर पडला तो सरळ आमच्या कप्तानाकडे. काचेवर आपटलं त्याला त्याने, आणि कप्तान पडल्यावरही स्टिक उगारली. पंचाने त्याला सामन्यातूनच काढलं. तो कपडे बदलायच्या खोलीकडे निघाला तेव्हा आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना हिणवायची इथली रीत म्हणून कुणीतरी बर्फावर मेलेला मासा फेकला.

मधल्या सुट्टीत डोरीन वर प्रेक्षकांच्या बाकांकडे चढली. मी कॉफी घ्यायला मागोमाग. पोरांनी तिला बघून वाट दिली.

"वाजव," ती ब्रेंटला म्हणाली. "माझ्यासमोर वाजव."

"आई, गंमत होती. तेसुद्धा करतात."

"त्यांच्याकडे तुझा भाऊ खेळतो का?"

"त्याने आपल्या कप्तानाचं नाक फोडलं!"

"नाक पुसता येतं. बंद कर हे."

"मी थांबतो. झालं?"

"बाकीच्यांना थांबव."

ब्रेंटने ढोल खाली ठेवला. तिसरं सत्र सुरू झालं तसा कुणीतरी तो उचलला. टॅनर बर्फावर नव्हताच, तरी तेच गाणं चाललं होतं, आता तर नुसती ठेक्याची मजा म्हणून. ब्रेंट दोन-तीन जणांच्या बाह्या ओढत होता. "ए, पुरे रे," म्हणत होता. "आता का, ब्रेंट? बढिया जमलंय!" कुणी मागे वळूनही बघितलं नाही.

आम्ही जिंकलो. शेवटी दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात. त्यात टॅनर नव्हता.

बाहेर बसचं इंजिन चालू होतं. डोरीनने डबा टॅनरपुढे धरला. त्याने तो बघितला, घेतला नाही, आणि पायऱ्या चढून गेला. बस निघाली. ब्रेंट हात खिशात घालून बाजूला उभा होता.

तेवढ्यात डोरीनचा फोन वाजला. मार्लिस. सामने ती घरी रेडिओवर ऐकते.

डोरीनने फोन ब्रेंटपुढे धरला. "घे."

"मी काय बोलू?"

"ढोल वाजवताना सुचलं होतं ना? मी तुझ्यानंतर बोलते. मलाही बोलायचंय."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला. ब्रेंटने तो घेतला.

"मावशी, मी ब्रेंट," तो म्हणाला. "ते गाणं मी सुरू केलं."