काचेच्या नळीला लागलेलं तोंड

अन्याय माझ्यावर झाला. उंब्रजच्या पलीकडं, कृष्णाकाठच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातल्या मुलीवर. गाव अजून महारवाडाच म्हणतं. साल एकाहत्तर, महिना जुलै, वार शनिवार, सकाळची शाळा, नववीचा वर्ग. हे मुद्दाम आधी सांगते. नंतर कुणी म्हणायला नको, असं काही झालंच नव्हतं म्हणून.

सायन्सचा प्रयोग होता. पेल्यात चुन्याची निवळी, तिच्यात काचेची नळी. नळीतून फुंकायचं. आपला श्वास निवळीत गेला की ती दुधासारखी पांढरी होते. शाळेत नळी एकच. सगळ्यांनी पाळीपाळीनं तोंड लावायचं. पोरं फुंकत होती, खिदळत होती. एकानं तर आत थुंकी सोडली. सर म्हणाले, "मर्कटा!" आणि हसले. निवळी बदलली. नळी तीच.

माझी पाळी आली. मी फुंकलं. निवळी पांढरी झाली. सगळ्यांची झाली होती तशीच, तितकीच.

माझ्यामागं पाटलांची पोरगी. ती जागची हलली नाही. "सर, मी न्हाई तोंड लावायची. हिनं लावलंय."

मी म्हणाले, "सर, उकळत्या पाण्यानं धुऊन देते." उकळत्या पाण्यात जंतू मरतात हे सरांनीच शिकवलं होतं.

सरांनी नळी कागदात धरली आणि खिडकीतून मागच्या दगडांवर टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काचा तू गोळा कर. पोरांच्या पायात जातील."

मी गोळा केल्या. ओंजळीत. बोटं कापली ते घरी आल्यावर दिसलं.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. "तुला सायन्स झेपायचं नाही. बीजगणित-भूमितीही सोड. अंकगणित घे आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र घे. मुलींना बरं पडतं." त्या विषयाला प्रयोग नव्हते. नळी नव्हती. तेवढंच त्यांना हवं होतं.

मला डॉक्टर व्हायचं होतं. हौस म्हणून नाही. माझी धाकटी बहीण सुमी पोट धरून लोळत होती, तेव्हा वरच्या आळीतून डॉक्टर सायकलवर आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरून मला म्हणाला, "पोरी, तिच्या पोटावर हात ठेव. कडक लागतंय का?" मी हात ठेवला. कडक म्हणजे किती? मी सातवीतली. मला काय कळतंय? म्हणाले, "लागतंय जरा." त्यानं गोळ्यांची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमी गेली. माझ्याच हाताखाली.

डॉक्टरला माझा हात चालला. शाळेला माझं तोंड चाललं नाही. कडक म्हणजे किती, हे मला त्या हाताला शिकवायचं होतं. बास, एवढंच.

नळीचं मी घरी सांगितलं नाही. आबा भांडायला गेले असते आणि माझी शाळाच सुटली असती. आबा म्हणजे माझे वडील, पलटणीतली शिपाईगिरी संपवून परत आलेले. मी विषय सांगितला तर त्यांचा चेहरा फुलला. "शरीराचं शास्त्र? म्हंजे डागदरकीच की गं! मास्तर लय भला माणूस हाय." हंगामात आबा गुऱ्हाळावर राबायचे. तिथून मजुरीत मिळालेली गुळाची ढेप ते हेडमास्तरांच्या दारात देऊन आले. सलाम ठोकून आले. ढेप आत गेली. गुळाला विटाळ नसतो.

शरीरशास्त्रात मी शाळेत पहिली आले. आतड्याची आकृती काढताना हात थांबायचा. मग पुढं चालायचा.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये आबा आणि मी सांगलीला कॉलेजात गेलो. आबांनी पलटणीतला कोट घातला होता, त्या उकाड्यात. खिडकीतला कारकून म्हणाला, "मेडिकलला जायचं तर आधी इथं सायन्स करावं लागतं. इथल्या सायन्सला शाळेतलं सायन्स लागतं, बीजगणित-भूमिती लागते. हिचं काय? शरीरशास्त्र."

साहेब दिसला की आबा हिंदीत शिरायचे. "साब, शरीर का ही तो शास्त्र है. डागदर लोग दुसरं काय करत्यात?"

मागून एक पोरगा ओरडला, "मामा, ते पोरांना न्हाऊ-माखू घालायचं शास्त्र हाय!" रांग हसली. कारकूनही हसला. म्हणाला, "आर्ट्सला घाला. तुमच्या लोकांना फी माफच आहे. काय बिघडतं?"

आबांनी टाचा जुळवल्या. सलामाला हात उचलला.

तो हात मी धरला. "आबा, हात खाली घ्या."

मग मी बोलले. साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं. "मला सायन्स झेपलं न्हाई म्हणून सुटलं न्हाई. वर्गातल्या नळीला तोंड लावलं म्हणून मास्तरनं काढलं मला. ह्यात हसण्यासारखं काय हाय, सांगा."

कारकून म्हणाला, "पुढचा."

गाडीत आबा खिडकीबाहेर बघत बसले. कराड जवळ आलं तेव्हा म्हणाले, "पोरी, त्याला गूळ का दिला गं मी?" आबांनी पुन्हा कुणाला सलाम केला नाही.

मी डॉक्टर झाले नाही. आता होणारही नाही. बी.ए. केलं, पत्रकं लिहिते, गावोगाव वाटते.

आता दहावीपर्यंत सायन्स सगळ्यांना सक्तीचं झालंय. विषय काढून घेता येत नाही. मग प्रयोग काढून घेतात. परवा आटपाडीकडच्या एका शाळेत गेले. पुढच्या बाकांवरची पोरं टेबलाभोवती, दलित वस्तीवरची भिंतीला टेकून. एका मुलीला विचारलं, तू का नाही करत? ती म्हणाली, "आमी नुसतं बघतो, बाई."

नुसतं बघून उद्या ही बारावी सायन्सला काय करणार? मेडिकलच्या दारापर्यंत कशी पोचणार? दाराचे नियम मुंबई-पुण्यात लिहितात. पण पोरीला दाराबाहेर ठेवायचं काम गावातच उरकतं, नववीच्या वर्गात, एका नळीवर. मी ते पुन्हा होऊ देणार नाही. सुमीच्या पोटावर ठेवलेल्या ह्या हातानं सांगते.

तुम्ही वाचताय ना? तुमचं पोर ज्या शाळेत जातं, तिथं येत्या शनिवारी जा. प्रयोगाच्या टेबलाशी उभे राहा. वस्तीवरच्या पोरीला नळी द्यायला लावा. पोरापोरांच्या मधे धूत असतील तर तिच्यानंतरही धुवा. धूत नसतील तर तिच्यानंतरही धुऊ नका. आणि तिच्यामागून ती नळी तुमच्या पोरानं तोंडाला लावेपर्यंत तिथून हलू नका.