न उतरवलेला करंट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. देवापुढे हात जोडतो, तेव्हाही हा विषय टाळून दुसरंच काहीतरी पुटपुटतो. मित्र समजून तुला सांगतोय.

गिरणी कामगारांच्या संपानंतरची गोष्ट. लालबागला एका शेठने व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं होतं. माणसाच्या उंचीची सहा लाकडी मशिनं, दिवसभर नुसता कलकलाट. मी बावीस वर्षांचा. दादरला टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेला, म्हणून तिथला मेकॅनिक. आमच्या चाळीत शेजारी दत्ताभाऊ राहायचे. गिरणीत फिटर होते, संपात घरी बसले ते बसलेच. मीच त्यांना दुकानात आणलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण माझ्या हाताखाली शिकताना कधी तोंड वाकडं केलं नाही.

गिरणीत खटका पाडला की यंत्र मेलं. मॉनिटरचं तसं नसतं. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट दबा धरून बसलेला असतो. ट्यूबला एक रबरी टोपी असते. अर्थिंगची वायर बांधलेला स्क्रू ड्रायव्हर तिच्याखाली सरकवायचा, टक् आवाज होतो, करंट उतरतो. मग आत हात घालायचा. हे दत्ताभाऊंना शिकवलं कुणी? मीच. आमचा नियमच होता — करंट मी उतरवायचा, तसं तोंडाने सांगायचं, मग त्यांनी हात घालायचा.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. महिनाभरापूर्वी, दुकानात एकटा असताना, मला त्या ट्यूबने फेकलं होतं. खांद्यापर्यंत हात बधिर. तेव्हापासून ती टोपी दिसली की मला घाम फुटायचा. मेकॅनिक म्हणवणारा माणूस टोपीला घाबरतो, हे सांगू कुणाला?

त्या दिवशी एका मशिनच्या पडद्यावर मधोमध नुसती एक पांढरी रेघ उरली. वरखाली चित्रच नाही. म्हणजे सर्किट बाहेर काढणं आलं, आणि त्यासाठी टोपी काढणं आलं. शेठ डोक्यावर उभा. मी मशिनच्या मागे वाकलो, स्क्रू ड्रायव्हर टोपीजवळ नेला — आणि हात पुढे जाईना. खरंच जाईना. मी तो तसाच मागे घेतला.

"करंट उतरवलंस मां रे?" दत्ताभाऊंनी त्यांच्या मालवणीत विचारलं.

मी हो म्हणालो.

त्यांनी हात घातला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. त्यांचा हात मागे फेकला गेला, पत्र्याच्या धारेवर आपटला. मनगट खोल चिरलं, रक्तच रक्त. जखम भरली, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत.

इस्पितळाच्या बाकावर मी काय केलं असेल? रडलो? पाय धरले? नाही. मी म्हणालो, "भाऊ, कधीकधी उतरवलेला करंट परत येतो." आणि खरंच येतो, थोडासा — म्हणून तर ते खोटं इतकं छान बसलं. पुढे गिरणीने काही जुन्या कामगारांना परत बोलावलं. दत्ताभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथे त्यांच्या हातात पाना दिला, तो बोटांत राहिला नाही. त्यानंतर शिवडीच्या एका गोदामावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, म्हातारे होईपर्यंत.

चाळीत कुणी मला नावं ठेवली तर ते भांडायचे. "ह्याची चूक नाय. करंट परत येता." कुणी नवा मेकॅनिक भेटला की त्याला बजावायचे, एकदा उतरवून भागत नाही, दोनदा उतरवा. मी बाजूला उभा राहून मान डोलवायचो. तेव्हा छातीत जे व्हायचं त्याला भीतीच म्हणतात. आज कळेल, उद्या कळेल. नाही कळलं.

गेल्या महिन्यात माझ्या स्वतःच्या दुरुस्तीच्या दुकानात असंच एक जुनं मशीन आलं. गिरगावातल्या एका हौशी माणसाचं. पडद्यावर तीच पांढरी रेघ. रविवार होता, दत्ताभाऊ नेहमीसारखे चहाला आले होते. मी टोपीखाली स्क्रू ड्रायव्हर सरकवला, टक् झालं. पुन्हा सरकवला. त्यांचं लक्ष नव्हतं, ते चष्मा पुसत होते.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी हो म्हणालो.

त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही. ती न वळणारी दोन बोटं पुढे करून त्यांनी सरळ टोपीला हात घातला. माझ्या शब्दावर. टोपी सहज निघाली, आणि मी त्या बोटांवर टॉर्चचा उजेड धरून उभा होतो.