शनिवार बारा ते रविवार बारा

शाप, करणी, तळतळाट... या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस मी. आज एकाहत्तर वय आहे. या सदरात लोक आपले अनुभव लिहितात, त्यात आपण कुठं चुकलो ते बहुधा नसतं. मी मात्र माझी चूक अगोदर सांगणार आहे, कारण ती आजवर लपवलीय.

आमचं गाव म्हसवडपासून तासाभराच्या वाटेवर. चार घरांची एक सामाईक विहीर, मोटर एकच. प्रत्येक घराला पाण्याची बारी ठरलेली. माझ्या धाकट्या भावाची बारी शनिवारी दुपारी बारा ते रविवारी दुपारी बारा. भाऊ अचानक गेला. तेराव्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो, त्याची दोन एकर डाळिंबाची बाग आता मी बघतो. त्याची बायको शालन म्हणाली, "नगं भावजी. माजं मी बघंन."

एवढंच. पण चार माणसांत म्हणाली, ते मला झोंबलं.

स्टार्टरच्या पेटीची किल्ली माझ्याकडं असायची. त्या उन्हाळ्यात तिच्या बारीला मी ती उघडलीच नाही. कधी फ्यूज गेला म्हणायचो, कधी वायरमन आला नाही म्हणायचो. ती दर शनिवारी बाराच्या ठोक्याला खांद्यावर खोरं घेऊन यायची आणि मी विहिरीच्या काठावर बसलेलो असायचो. बाकीच्या घरांना सगळं कळत होतं, कुणी तोंड उघडलं नाही. बाग वाळली. शेवटच्या शनिवारी ती म्हणाली, "भावजी, माजी बारी मी घेतल्याबगर ऱ्हायची न्हाई. कवा घ्यायची ती घीन."

मी हसलो होतो.

जमीन मला देऊन ती लेकीकडं, सांगलीला विश्रामबागेत गेली आणि दोन वर्षांत वारली. माझा मुलगा नितीन तेव्हा पुण्याला कॉलेजात. आई लहानपणीच गेल्यामुळं तो काकीच्याच हातचं खाऊन वाढलेला. "काकी शेतीला कंटाळली," असं मी त्याला सांगितलं.

पुढं नितीन प्रोग्रामर झाला. परदेशी कंपनीचं काम, ऑफिसला जायची गरज नाही. लॅपटॉप घेऊन दोन महिने या देशात, दोन महिने त्या. पहिला मुक्काम व्हिएतनाममध्ये, दा नांगला. तिथून हसत फोन आला, "आण्णा, खोलीतलं पाणी गेलंय. शेजाऱ्याच्या नळाला धो धो चालू हाय." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग पोर्तुगालला गेला, तिथंही. "जग फिरायला निघालो आन् म्हसवडचा दुष्काळ पाठीवर घिऊन फिरतोय बगा," म्हणायचा. मीही हसायचो.

पण तो प्रोग्रामर. त्यानं वेळा लिहून ठेवल्या. जॉर्जियात तिबिलिसीला असताना त्यानं एका शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल केला.

"आण्णा, गंमत बगा. दा नांगला दुपारी दीडला जायचं, लिस्बनला सकाळी साडेसातला, हितं साडेदहाला. सगळीकडं तुमच्या घड्याळात शनिवारी दुपारी बाराच. परत येतं रविवारी बाराला. असा कुठला सॉफ्टवेअरचा बग असतो सांगा."

त्यानं सील न तोडलेली पाण्याची बाटली कॅमेऱ्यासमोर उलटी केली. आत थेंब नव्हता. ती बारी कुणाची, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी त्याला जुलाब सुरू झाले. मित्रानं शनिवारी सकाळी दवाखान्यात नेलं. साडेदहाला सलाईन थांबलं. नर्सनं तीनदा सुई बदलली, बाटली बदलली, थेंब उतरेना. तोंडाला लावलेला पेला कोरडा. पोरगं चोवीस तास तडफडलं. रविवारी साडेदहाला सलाईन आपोआप सुरू झालं.

मी सोमवारी पहिल्या एसटीनं विश्रामबागेत गेलो. शालनची लेक रेखा हिच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. "जमीन घे, बारी घे, सगळं तुझ्या नावावर करतो," म्हणालो.

तिनं मला आत बोलावलं नाही. "काका, आईनं बाग वाळताना बगितली, झाडन् झाड. आता तुमी बगा."

घरी येऊन नितीनला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"काकी दर शनिवारी यायची?"

"व्हय."

"खोरं घिऊन?"

"व्हय."

"मग ती घेतीय ते बरोबरच हाय, आण्णा. मी तिला अडवणार न्हाई."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर आजतागायत उचललेला नाही. कुठं आहे तेही कळवत नाही.

बंद बाटलीतलं पाणी जातं कुठं, सलाईन कशानं थांबतं, मेलेलं माणूस इतक्या देशांतून एकाच माणसाच्या मागं कसं फिरतं... मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगावं. शनिवारी बारा वाजले की मी फोन घेऊन बसतो. माझं पोरगं या घटकेला कुठल्या गावात आहे आणि तिथं किती वाजलेत, एवढंही मला सांगता येत नाही.